समुद्रापलीकडच्या शेजारणीस

अलेक्झांड्रिया, बहरी
शाबानचा पहिला आठवडा

एमनाच्या आईस सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी इन्साफ. तुमची मुलगी ऑक्टोबरपासून आमच्या घरी राहते, माझ्या हानीच्या खोलीत. हानी माझा एकुलता एक मुलगा, कुवेतला नोकरीला असतो. रिकामी खोली मला बघवत नव्हती, म्हणून मीच विद्यापीठात जाऊन सांगून आले की बाहेरदेशची एखादी मुलगी असेल तर आमच्याकडे पाठवा. त्यांनी ट्युनिशियातल्या सफाक्सची, तुमची एमना पाठवली. तुमचा पत्ता मी तिच्या ट्रंकेवरून उतरवून घेतला. या पत्राचं तिला काही माहीत नाही आणि तुम्हीही तिला सांगू नका. तसं तुम्ही तिच्याशी बोलतच नाही, तेव्हा ती भीती नाही.

रागावू नका हं. माझी जीभच अशी आहे. हानीचे बाबा म्हणतात, "मी जन्मभर ट्राम चालवली, पण घंटा घरातच जास्त ऐकली."

आधी तुम्हाला हवं ते सांगते. पोरगी बरी आहे. थोडी वाळली आहे, पण तो परीक्षेचा परिणाम. थंडीत खोकला झाला होता, मी जवसाचं पाणी पाजलं, गेला. केस कापलेले नाहीत. वेळेवर घरी येते. अभ्यास माशांचा, हे तुम्हाला माहीत असेलच. कधी कधी कपड्यांना वास येतो, पण आम्ही बहरीची माणसं, आमच्या गल्लीत वास येत नसेल तर आम्हाला चुकल्यासारखं होतं.

आता माझं काम. ईद जवळ येते आहे. मी तिला सहज विचारलं, "तुमच्याकडे ईदच्या सकाळी काय करतात गं?" तर म्हणाली, "काही नाही, खाला." आता काही नाही म्हणजे काय? महिनाभर रोजे धरायचे आणि ईदच्या सकाळी काही नाही? मी म्हटलं, "सफाक्समध्ये काय दगड चघळता?" ती हसली आणि भांडी घासायला उठली. ही तिची सवय आहे. नको तो विषय निघाला की भांडी घासते. माझ्या स्वयंपाकघरातली भांडी लग्नात नव्हती इतकी आता चकचकीत आहेत.

तिने तुम्हाला लिहिलेली पत्रं न उघडता परत येतात, ती पोस्टमन माझ्याच हातात देतो. मी तिच्या उशीपाशी ठेवते. तुमचं काय भांडण आहे ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझी एक पुतणी आहे, तिच्या आईने तिच्याशी एका पडद्याच्या कापडावरून वर्षभर अबोला धरला होता. आयांना अबोला धरता येतो, मला माहीत आहे.

मला फक्त एवढं सांगा, ईदला तुमच्या घरी काय शिजतं. माझ्या हानीने कुवेतची पहिली ईद ब्रेड आणि चीजवर काढली आणि फोनवर मला सांगितलं, "आई, पोटभर जेवलो." आवाजावरून मला कळलं. तेव्हापासून मी ठरवलं आहे की माझ्या घरात असलेल्या पोरीच्या ताटात सणाला तिच्या घरचा एक घास असलाच पाहिजे. हे पत्रही परत आलं तर मी दुसरं पाठवीन. आमच्या कोपऱ्यावरच पोस्ट आहे.

हानीची आई, इन्साफ


बहरी
रमजानचा दुसरा आठवडा

एमनाच्या आईस सलाम. रमजान मुबारक.

तुमच्या चार ओळी शाबान संपता संपता, रमजानच्या तोंडावर मिळाल्या. तुम्ही लिहिलंत: "ईदच्या सकाळी आमच्याकडे खारवलेला मासा आणि शरमूला असतो. शरमूला म्हणजे कांदा, मनुका आणि तेल. माझ्या घरी हल्ली करत नाहीत. मुलीने तुमच्यात राहून तुमचं खावं."

उत्तराला उशीर झाला, कारण मी मासा मुरायची वाट बघत होते.

आता हसू नका, किंवा हसा, कुणीतरी हसलेलं बरं. खारवलेला मासा म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. माझा बाप बहरीत होड्या बांधायचा, मी माशांच्या टोपल्यांत वाढले. मला कुणी मासा खारवायला शिकवावं? लगेच बाजारात गेले, चांगले बोटभर जाड पाठीचे बोय आणले, उन्हात जरा फुगू दिले, मिठात गाडले, डब्याचं तोंड घट्ट बांधलं आणि पलंगाखाली ढकलून दिलं. आमच्याकडे याला फसीख म्हणतात. वसंतातल्या सणाला सगळी अलेक्झांड्रिया समुद्रकाठी बसून हाच खाते. मला वाटलं, चला, दोन्ही गावं एकाच वळणाची आहेत, पोरीला ईदला चकित करू.

परवा दुपारी डबा नीट मुरलाय का ते बघावं म्हणून जरासा उघडला. वास सुटला. आम्हाला तो वास अत्तरासारखा. पण एमना विद्यापीठातून नुकतीच आत येत होती. ती दारातूनच मागे फिरली, जिना उतरून थेट रस्त्यावर. वरच्या मजल्यावरून मीनाची आई ओरडली, "इन्साफ, कोण मेलं?" मीनाची आई म्हणजे आमच्या वरची शेजारीण, ख्रिस्ती आहे, तिचेही सध्या त्यांचे मोठे उपास चालू आहेत. त्यामुळे इमारतीत सगळेच उपाशी आणि सगळेच चिडलेले.

मी एमनाला खिडकीतून हाक मारली, "अगं, तुझ्या ईदचा मासा आहे!" ती खाली फुटपाथवर उभी होती. तिने वर पाहिलं, आणि बाई, ती जी हसायला लागली ती थांबेना. भिंतीला धरून हसत होती. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा मी तिला दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं. वर आली तेव्हाही नाकाला ओढणी लावून हसतच होती. "खाला, आमचा मासा असा कुजवत नाहीत. तो वाळवतात. गच्चीवर दोरीला टांगतात, कडक होईपर्यंत. त्याला वासही येत नाही."

"मग राखण कोण करतं? मांजरं?"

"लझहर करायचा," ती म्हणाली. "माझा भाऊ. काठी घेऊन बसायचा. मांजरांना आधी शिव्या द्यायचा आणि मग आईची नजर चुकवून शेपट्या त्यांनाच टाकायचा."

 मी विचारलं, "आता कुठे असतो?" तर तिने ओट्याकडे पाहिलं. भांडी सगळी घासलेली होती. पळायला जागाच नव्हती तिला.

तेव्हा सांगितलं तिने. तुमच्या गावासमोरच्या कर्कना बेटांच्या बाजूला होडी गेली ती परत आली नाही. चौथं वर्ष चालू आहे. वडील तर आधीच गेलेले, घरात तुम्ही दोघीच उरलात. आणि ही इकडे माशांचं शिकायला निघाली तेव्हा तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "एकाला समुद्राने नेलं, दुसरी आपल्या पायाने चालली. मला आता कुणी नाही."

अल्लाह त्याच्यावर दया करो. मला माहीत नव्हतं. तुम्ही "हल्ली करत नाहीत" या तीन शब्दांत केवढं गाडून ठेवलंत, आणि मी मूर्ख बाई पलंगाखाली डबे लपवत बसले. मी त्या दुपारी पोरीला जवळ घेऊन रडले. रोजा असताना इतकं रडू नये, घसा सुकतो. पण रडले.

तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही. माझा हानी विमानात बसतो तेव्हा मी तो पोहोचल्याचा फोन येईपर्यंत कुणाशी सरळ बोलत नाही. पण तिचंही ऐका. मी विचारलं, "त्याच समुद्राचं शिकायला का निघालीस गं?" म्हणाली, "खाला, ज्याने भावाला नेलं त्याच्याकडे पाठ करून मला झोप येत नव्हती. तोंड करून बसले की येते." मला हे पूर्ण कळलं नाही, पण खोटं वाटलं नाही. तिला झोप येते, हे मात्र खरं. मी पाहते ना.

म्हणून आता माझं मागणं बदललं आहे. मासा राहू दे. ईदच्या दिवशी तिच्याशी बोला. आमच्या घरी फोन आहे, आकडा खाली लिहिला आहे. एक वाक्य बोला, हवं तर रागाने बोला. तिला चालेल. न बोलणं तिला चालत नाही.

आणि एक. आमच्याकडे बाईला थोरल्याच्या नावाने हाक मारतात. इतके दिवस मला थोरला माहीत नव्हता. यापुढे मी तुम्हाला लझहरची आई म्हणणार.

इन्साफ


बहरी
रमजानचा शेवटचा आठवडा

लझहरच्या आईस सलाम.

तुमचं पत्र पोहोचलं. "माझ्या मुलाचं नाव तुम्ही घेऊ नका. त्या नावाने मला आता कुणी हाक मारत नाही. आपलं घर सांभाळा." मी हानीच्या बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं. हे तुला फार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहायला हवं होतं."

पण मग त्यांनी कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: "बोय कोण वाळवतं? हेकरू घ्यावा. संध्याकाळी दव पडायच्या आत खाली आणावा."

लझहरच्या आई, पुढच्या बाजूचं मी विसरले. मागच्या बाजूचं देवळीत ठेवलं आहे.

नावाचं मात्र ऐकणार नाही. कुणी हाक मारत नाही म्हणूनच मी मारते. लोकांना वाटतं नाव घेतलं की जखम उघडते. माझी आई माझ्या वारलेल्या धाकट्या बहिणीसाठी झुरून गेली, आणि शेवटपर्यंत तिची एकच तक्रार होती की त्या लेकीचं नाव घरात कुणी काढत नाही.

तर ऐका काय झालं. एमनाला मी सगळं सांगून टाकलं, पत्रांचंही. तिने आधी कढया घासल्या, मग डेग घासली. मग आली आणि म्हणाली, "हेकरू कुठे मिळेल?" हेकरू हानीच्या बाबांनी आणला. तो चिरून, मीठ भरून गच्चीवर टांगला, आणि मांजरांची बातमी पक्की असते, दुसऱ्या दिवशी सगळ्या बहरीची मांजरं आमच्या गच्चीवर. हानीच्या बाबांकडे त्यांच्या ट्रामची जुनी पितळी घंटा आहे, निवृत्तीच्या वेळी घरी आणलेली. ते खुर्ची टाकून बसले, आणि मांजर आलं की घंटा वाजवायची. दिवसभर इमारतीवरून ट्राम चालली आहे. खालचा न्हावी विचारतो, "काका, रमल्याच्या थांब्यावर जाते का?" एमना त्यांना पाणीही देऊ शकत नाही, रोजा. नुसती शेजारी बसते. एक दिवस मी वर गेले तर ती माशाची शेपटी मोडून मांजराला टाकत होती.  हानीच्या बाबांनी घंटा वाजवली नाही.

मग शरमूला. पोरीला प्रमाण माहीत नाही. "आई डोळ्याने करते," म्हणते. कांदे चिरता चिरता आम्ही दोघी रडलो, तेवढं सोयीचं झालं. मनुका भिजवल्या, वाटल्या, गाळल्या. कांदा तेलात बसवला. आणि तो इतका वेळ घेतो हे मला कुणी सांगितलं होतं? दुपारभर ढवळतो आहोत आणि तो आपला पिवळाच. आणि खरी पंचाईत पुढे. गोड झाला की तिखट, मीठ पुरे की नको, कुणी बघायचं? घरात तिघंही रोज्यात. जिभेच्या टोकावर घेऊन थुंकलं तर चालतं असं काही बायका म्हणतात, पण मला तो धोका पत्करायचा नव्हता, एवढा महिना धरून आणलेला. इफ्तारपर्यंत थांबावं तर मसाला घालायची वेळ निघून जाणार.

एमना म्हणाली, "मीनाच्या आईला विचारू."

मीनाची आई म्हणाली, "मलाही उपास आहे. तीन वाजेपर्यंत नाही. आणि तूप, दूध, मासा काही असेल तर मुळीच नाही."

"काही नाही गं. कांदा, मनुका, तेल."

मग आम्ही तीन बायका चुलीपुढे उभ्या राहून घड्याळाकडे बघत होतो. तीन वाजले तशी तिने चमचा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "गोड आहे. असावा का?" जिने जन्मात हा पदार्थ पाहिला नाही तिच्यावर सगळा निवाडा. एमना म्हणाली असावा. मीनाच्या आईने आणखी एक चमचा घेतला, खात्रीसाठी. मग आणखी एक. शेवटी मी कढई ओढून घेतली.

इफ्तारनंतर आम्ही चाखला. मला आवडला. एमनाने भाकरीच्या तुकड्यावर घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला आणि म्हणाली, "छान आहे, खाला. पण आईचा नाही." दालचिनी कमी असेल म्हणून तिने ती आणखी घातली. तरी नाही झाला.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे ज्या घरात माणूस गेलेलं असतं तिथे त्या ईदला कहक, म्हणजे ईदची बिस्किटं, भाजत नाहीत. शेजारणी आपल्या परातीतल्या साखर भुरभुरलेल्या कहक त्या घरी नेऊन देतात. मी एमनाला विचारलं, तुमच्याकडे? म्हणाली, तसंच. पहिल्या ईदला सगळ्या गल्लीतून ताटं आली. दुसऱ्या ईदला दोन आली. तिसऱ्याला कुणी आलं नाही. लोकांना वाटलं, झालं आता, पुरे. पण आई अजून ईदचं काही करत नव्हती.

लझहरच्या आई, मी तुमची शेजारीण आहे. तुमच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक भिंत आहे, जरा रुंद आहे, पाण्याची आहे, एवढंच. तुमच्या घरी ईद शिजत नाही, तर माझ्या घरून येणार. हे पत्र घेऊन आलेली मुलगी हाजेर, एमनाच्याच वर्गात आहे, ईदला सफाक्सला आपल्या घरी चालली आहे. तिच्या हातात कापडात बांधलेला एक वाडगा आहे. वर तेलाचा थर आहे, खराब होणार नाही. एमनाने स्वतः बांधला. मी म्हटलं, दोन ओळी लिही. म्हणाली, "परत येतील." मी म्हटलं, "पत्र परत येतं. भरला वाडगा परत आलेला मी पाहिला नाही."

वाडगा निळ्या काठाचा आहे, माझ्या लग्नातला. सहांपैकी हा एकच उरला आहे. मला तो परत हवा. आणि रिकामा वाडगा परत करायची तुमच्याकडेही रीत नाही, मी विचारून घेतलं आहे.

ईदला फोनची वाट बघते. मी नाही, ती.

इन्साफ


बहरी
ईदचा दिवस, दुपार

लझहरच्या आणि एमनाच्या आईस ईद मुबारक.

सकाळी आपण बोललो, तरी हे लिहिते आहे. फोनवर माझ्या तोंडून धड काही निघालं नाही, आणि मला माझं म्हणणं अपुरं ठेवायची सवय नाही.

परवापासून सांगते. शुक्रवारी संध्याकाळी कैरो रेडिओने सांगितलं की चंद्र दिसला नाही, शनिवारी तिसावा रोजा. थोड्या वेळाने हानीच्या बाबांनी सुई फिरवली तर ट्युनिसवाले ईद जाहीर करत होते. एमना परातीत कहकवर चिमट्याने नक्षी काढत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे आईची ईद उद्या?" मग म्हणाली, "मी कुठली करू?"

हानीचे बाबा म्हणाले, "ज्या छपराखाली झोपतेस त्या छपराची. इथला मुफ्ती तुझं पाप घेईल." तिने मान हलवली आणि पहाटे सहरीच्या जेवणाला आमच्याबरोबर उठली.

पण काल ती दिवसभर फोनपाशी होती. शेल्फ पुसलं. फोनखालचा रुमाल धुतला, वाळवला, इस्त्री केला, पुन्हा घातला. तुमच्याकडे ईद, म्हणजे फोन आला तर आजच येणार, हा तिचा हिशोब, आणि माझाही. दुपारी घंटा वाजली. मी उठेपर्यंत तिने उचलला. ऐकलं, आणि माझ्याकडे केला. "हानी आहे, खाला." कुवेतमध्येही कालच ईद होती. "ईद मुबारक, आई," तो म्हणाला. माझं लेकरू, वर्षभर ज्याच्या आवाजासाठी जीव टाकते, आणि काल मला वाटलं की हा नको होता. त्याला मी दोन मिनिटांत ठेवायला लावलं. तो घाबरला, "बाबा बरे आहेत ना?"

संध्याकाळ झाली. फोन आला नाही. खरं सांगते, लपवत नाही: इफ्तारला खजूर तोंडात धरून मी तुम्हाला शिव्या दिल्या. मनात नाही, मोठ्याने. म्हटलं, ही बाई आहे की हेकरू, मीठ लावून वाळवलेली. एमना म्हणाली, "असं बोलू नका, खाला." आणि भांडी घासायला गेली. जेवणाची, कहकची, नव्हती तीसुद्धा.

आज सकाळी नमाजाहून आलो. ताटात हेकरू मांडला, भाजून, पाण्यात मीठ उतरवून, अगदी तिने सांगितला तसा. शेजारी शरमूला, शेजारी माझी कहक. मीनाची आई वरून चहा घेऊन आली, तिची नजर कढईवर. एमनाने दोन घास खाल्ले आणि हात ताटातच राहिला. चांगलं आहे म्हणाली. आम्ही सगळेच चांगलं आहे म्हणालो. ईदच्या सकाळी इतकी गप्प माणसं मी पाहिली नव्हती.

तेव्हा घंटा वाजली. कुणीच उठलं नाही. हानीच्या बाबांना वाटलं, मांजराने त्यांची ट्रामची घंटा पाडली. शेवटी एमनाने फोन उचलला.

तुम्ही फोनवर इतक्या मोठ्याने बोलता की सफाक्समधून फोन लावायची गरजच नव्हती, खिडकी उघडली असती तरी पुरलं असतं. म्हणून जे ऐकलं ते चोरून ऐकलेलं नाही. मीनाच्या आईनेही ऐकलं.

"शरमूल्यात एवढी दालचिनी कुणी घातली?"

इतक्या महिन्यांनंतरचं तुमचं पहिलं वाक्य हे. पोरगी भिंतीला टेकली.

"मी, आई."

"आणि कांदा घाईत उतरवला. अजून तासभर हवा होता."

"हो."

"तुला नेहमी घाई." आणि मग तुमचा आवाज खाली आला, त्यामुळे पुढचं तिच्या तोंडूनच कळलं. तिने विचारलं, "काल का नाही केलास फोन? काल तुझी ईद होती. मी दिवसभर..."  मग तिने ऐकलं, आणि खाली बसली, तिथेच फरशीवर, आणि आमच्याकडे बघून सांगितलं, जणू आम्ही पंच आहोत: "आई म्हणते, काल तुझा रोजा होता. मी वाडगा उघडला नाही. बायका आल्या त्यांना कॉफी दिली आणि सांगितलं, आमच्या घरी ईद उद्या आहे."

बाई, सगळं सफाक्स नवे कपडे घालून हिंडत होतं, आणि तुम्ही घरात माझा वाडगा झाकून बसलात, रेडिओवर कैरो लावून. आणि मी तुम्हाला मीठ लावून वाळवत होते. त्या शिव्या मी परत घेते, सगळ्या. हानीच्या बाबांसमोर घेतल्या, तुमच्यासमोरही घेते.

मग एमनाने रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी एवढंच म्हणू शकले, "लझहरच्या आई, ईद मुबारक."  मला वाटलं झालं, मी पुन्हा नको ते बोलले, आता ठेवणार. लाईनमध्ये नुसती खरखर. आणि मग तुम्ही म्हणालात, "ईद मुबारक, हानीच्या आई."

बस. मला त्यानंतर बोलता आलं नाही. माझं असं कधी होत नाही, हानीच्या बाबांना विचारा.

वाडग्याचं तुम्ही काय म्हणालात ते एमनाने मला दोनदा सांगितलं, आणि मी तिसऱ्यांदा विचारून घेतलं: "त्या बाईला सांग, तिचा वाडगा मी पोस्टाने पाठवणार नाही, फुटेल. हाजेरच्या हातीही देणार नाही. ज्याने भरला त्याने येऊन न्यावा. आणि येशील तेव्हा मी कांदा कसा शिजवतात ते दाखवते."

तर लझहरच्या आई, माझा वाडगा जपून ठेवा. मला त्याची घाई नाही. परीक्षा संपल्या की पोरगी उन्हाळ्यात येईल न्यायला. तिला खायला घाला, कांदा शिकवा, आणि मग परत पाठवा, कारण तिचं शिक्षण अजून बाकी आहे आणि हानीची खोली मला रिकामी बघवत नाही. हे तुम्हाला पटेल की नाही माहीत नाही. त्यावर आपण भांडू, पत्रं आहेतच.

आता थांबते. हानीचे बाबा घंटा वाजवताहेत, चहा हवा आहे. एमना आणि मीनाची आई गॅलरीत बसल्या आहेत, कढई मध्ये घेऊन, आणि पोरगी तिला लझहरच्या गोष्टी सांगते आहे, मांजरांच्या. ईदची सगळी भांडी ओट्यावर तशीच पडली आहेत, एकावर एक, तेलकट. सकाळपासून त्यांना कुणी हात लावलेला नाही.

तुमची शेजारीण,
इन्साफ